भांगलण

गेल्या वळवाच्या वादळात गुलमोहर पडला.
महापालिकेची माणसं करवत घेऊन आली,
दुपारपर्यंत तुकडे करून ट्रॉली भरून गेली.
आम्ही म्हटलं, बरं झालं, घरात उजेड आला.

उजेडानं आधी हिरवळ खाल्ली.
पुण्याहून गुंडाळी करून आणलेली,
सतरंजीसारखी अंथरलेली, सावलीत लाडावलेली.
दिवाळीला पिवळी पडली, संक्रांतीला तपकिरी,
आणि होळीच्या सुमाराला
पायाखाली पापडासारखी वाजायला लागली.

"पाणी कमी पडतंय," हे म्हणाले.
गुडघा बदलल्यापासून ह्यांची सगळी शेती
व्हरांड्यातल्या खुर्चीतून चालते.
विश्रामबागेत पाणी दिवसाआड, तेही पाऊण तास.
मी काय गवताला पाजू आणि काय भांड्यांना.

मार्केट यार्डाजवळ आवटींचं बियाण्याचं दुकान.
पिशवीवर परदेशातलं हिरवंगार मैदान,
खाली नाव: बर्म्युडा.
"कडक उन्हाचं गवत, मॅडम. ऊन हेच त्याचं खत."
अर्ध्या किलोला साडेसहाशे. घासाघीस नाही.

मग दाताळ्यानं मेलेलं सगळं खरवडलं,
काळी माती काट्यानं उकरली,
चाळलेलं शेणखत, वर नदीकाठचा पोयटा.
बी इतकं बारीक की वाळूत कालवून फेकलं,
एकदा उभं, एकदा आडवं,
जुन्या पाटानं दाबलं, ओली गोणपाटं झाकली,
सकाळ-संध्याकाळ झारी.
साळुंक्यांनी गोणपाटाच्या कडा उचलून
आपला वाटा आधीच काढून घेतला.

बाराव्या दिवशी उगवलं ते
नववीतल्या पोराच्या मिशीसारखं.
आहे म्हटलं तर आहे.

द्वारकाबाई ऐवळे रविवारी अंगण झाडायला येतात,
बाकी सहा दिवस हरिपूरकडं हळदीत, उसात भांगलायला.
झाडू टेकवून वाकल्या,
एक कोंब चिमटीत धरला,
उजेडाकडं केला.
"ताई, ही तर हरळ हाय."

आणि हसल्या, पदर तोंडाला लावून, बराच वेळ.
"तीस वर्सं हीच उपटत आले बघा.
तुमी इकत आणली?"

चतुर्थीला मी हिच्याच पात्या मोजते, एकवीस,
तरी पिशवीवरच्या नावात ओळखली नाही.
आणि आमचे दादा, डिग्रजच्या मळ्यात,
खुरपं बांधावर आपटून म्हणायचे,
रानातली हरळी आणि वाटणीतला चुलता
मुळासकट कधी निघत नाही.
उन्हात उलटी वाळवायचे, बांधावर जाळायचे,
पुढच्या नांगरटीला ती पुन्हा हजर.

पुढच्या रविवारी द्वारकाबाईंनी पोतंभर आणली,
मगदुमांच्या उसातली, कांड्यांसकट, मातीसकट.
विती-वितीवर खोचली, अंगठ्यानं दाबली.
संध्याकाळी दिवसाची मजुरी मागितली.
"उपटायची तिकडं मिळाली की," हे खुर्चीतून म्हणाले.
"मिळाली की. पर ती उपटायची.
लावायची इथं द्या."
दिली. ह्यांनी स्वतः उठून दिली,
काठी न घेता चार पावलं.

आता गवत धरलंय.
सारखं नाही. फाटकाशी दाट,
गुलमोहराच्या बुंध्याभोवती अजून टक्कल,
तिथं मुंग्यांनी संसार मांडलाय.
बर्म्युडा कुठली आणि मगदुमांची कुठली
हे मला ओळखू येत नाही,
आवटींनाही येणार नाही.

काल उन्हं उतरल्यावर
द्वारकाबाई चहाचा कप घेऊन तिथंच बसल्या.
कसलंसं बोलत होत्या, नातीच्या शाळेचं.
बोलता बोलता डावा हात गवतात गेला,
बोटांनी मूळ हुडकलं, पिळलं,
आणि एक ठोंब अलगद बाहेर.

थांबल्या.
हातातल्या ठोंबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.
मग त्याच भोकात परत ठेवून
अंगठ्यानं दाबलं,
आणि कपातला उरलेला घोटभर चहा
त्यावर ओतला.