मागंच जाणारी कार्ट

भोसरीत, शेडच्या मागं,
कार्ट पुढं जायचं नावच घेईना.
लिव्हर फॉरवर्डला, चाकं मात्र मागं
थेट तेलाच्या पिंपावर आदळेपर्यंत.

मुनाफ म्हणाला, खोल गिअरबॉक्स.
मी म्हटलं, थांब, आधी केबल बघू.
केबल ठीक. रॉडचा नट ढिला, आवळला.
तरी तेच.

दोनचा भोंगा झाला.
आयटीआयची कृत्तिका डबा धुऊन आली,
ओल्या हातानंच कान देऊन उभी राहिली.
"उभ्या उभ्या किती पळतंय हे इंजिन!
दातांना सुटायला उसंत तरी द्याल?"

आयडलचा स्क्रू अर्धा फेरा सैल.
मग कार्ट हलवली, पुढं, मागं,
पाळणा हलवावा तशी,
खट्.

मुनाफ काही बोलला नाही.
पिंपाला पडलेला पोचा
आतून ठोकत बसला.