जाते ती जात

दहावीच्या वर्गात कुबल बाईंनी
फळ्यावर लिहिलं : जात म्हणजे काय?
आणि एवढी शांतता झाली
की मागे उभ्या असलेल्या मला, शिपायाला, वाटलं
फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले मासेही कान देऊन आहेत.

प्रश्न पुस्तकातलाच होता.
सजीवांच्या जाती, त्या कशा झाल्या, कशा होतात.
पण शब्द कुठून कुठून चालत आलेला असतो,
त्याच्या पायांना चिखल असतो.
शेवटच्या बाकावरून विशाखा कासले म्हणाली,
“बाई, ह्या आमका आधीच पाठ आसा.”
कुणीतरी फिसकन हसलं.
बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवला.

आदल्या आठवड्यातच स्नेहसंमेलनाला
पर्ससीनवाले दाजी टिकम आले होते.
शाल, श्रीफळ, माईक.
“बळी तो कान पिळी. हे मी नाही म्हणत,
माकडापासून माणसापर्यंत शास्त्रच म्हणतं.”
टाळ्या मीही वाजवल्या.
प्रयोगशाळेचा पंखा त्यांनीच दिलेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून
बाईंनी वर्ग आचऱ्याच्या खाडीत नेला.
बादली माझ्याकडे.
तिवरांच्या मुळांत निवटे :
टाळूवर डोळे, परांवर रांगणं,
गालफडांत घोटभर खाडी धरून
उन्हात हिंडणारा मासा.
“हा आपला आजा नव्हे, लांबचा चुलत भाऊ.
माणूस व्हायला निघालाय आणि वाटेत अडकलाय
असं समजू नका. तो घरीच आहे.
आता सांगा, सुरमई बळी की हा?”
“खंय?” एका पोरानं विचारलं.
बाई म्हणाल्या, “शाबास. हाच प्रश्न.”

मालन मिठबावकरीण तिसऱ्या काढत होती.
तिची पाटी मागून घेतली.
“दोन अगदी सारख्या शोधून द्या.”
पोरं कमरेत वाकून अर्धा तास.
नक्षी जुळे तर रंग हटे,
रंग जुळे तर कड वेगळी.
मालन वैतागली, “बाजार चुकात माझो!”

जी जात नाही ती जात, म्हणतात आमच्याकडे.
इथं बघतो तर उलटंच,
जाते, सरकते, पिढीला केसभर,
तीच जात.
रेघ आपण ओढायची, ओल्या वाळूत, ओहोटीला.

माझा बाप रापण ओढायचा.
दोरीला हात लावेल त्याला वाटा,
लंगड्या भिकोलासुद्धा.
दाजींना हे सांगावं असं फार वाटलं.
मग आठवलं, दोरीला कुणी हात लावायचा
हेही ठरलेलंच होतं.
विशाखाच्या आजोबांना विचारा.

खाडी काही सांगत नाही.
निवटा कुणाची बाजू घेत नाही.
दाजींनी त्याच्या तोंडी एक घातलं, बाईंनी दुसरं,
तो आपला बुडबुडा सोडून बिळात गेला.
पण बाईंनी निदान
आधी बघा म्हटलं, मग बोला.

उन्हाळी सुट्टीत बरण्या पुसल्या,
पिवळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या.
नाव, ठिकाण, तारीख : शाईनं.
जात ह्या रकान्यापुरती
पेन्सिल वापरली.