तिसऱ्या पायरीवर दोन तास

फ्रिजमध्ये नाही. तळघराच्या तिसऱ्या पायरीवर, दोन तास.
इर्मट्राउटचा हा हुकूम आमच्या लग्नाइतकाच जुना.
तिथल्या भिंतीवर मोझेलच्या पुरांच्या रेघा आहेत,
खडूच्या, रेघेपुढे साल.
त्र्याण्णवची माझ्या छातीला लागते.

बाटली एकोणनव्वदची, रीस्लिंग.
लेबल बुरशीनं खाल्लंय, गावाचं नाव तेवढं शाबूत.
बूच अर्ध्यात मोडलं.
उरलेलं धीरानं काढलं.

एक्केचाळीस वर्षं ती सोसायटीच्या तळघरात
वाईन चाखायची, थुंकायची.
गावात म्हणायचे, बाई नाकानं कांदे सोलते.
सोलायचीच. एकदा हुंगून सांगायची
कुठला उतार, सकाळचं ऊन की दुपारचं,
कोणी पावसाला भिऊन आठवडाभर आधीच द्राक्षं तोडली.
नोव्हेंबरात ताप आला. ताप गेला,
जाताना वास घेऊन गेला.

आता तिला आंबट कळतं, गोड कळतं,
थंड कळतं.
बाकीचं मी सांगायचं.
मी! नदीच्या लॉकवर जहाजं चढवणारा-उतरवणारा,
बिअरचा माणूस.

"बोल, फोल्कमार."
छान आहे.
"छान हा वास नसतो."
पिवळी आहे.
"ते दिसतंय मला."

मग डोळे मिटले.
सायकलची ट्यूब, म्हटलं, उन्हात पडलेली.
ती हलली नाही, पण टेबलावर वाजणारं बोट थांबलं.
"पुढे."
पीच. नाही, पीचची बी. चोखून झाल्यावरची.
"पुढे."
पुढचं सापडेना. दुसरा घोट घेतला
आणि एकदम पहिलीतला बाक आला,
फ्राऊ केसलरच्या टाचांचा आवाज दारापर्यंत पोचलेला,
बेरीज चुकलेली,
आणि मी घाईघाईनं, बाहीनं…
ओली पाटी, म्हटलं. थुंकीनं पुसलेली.

ती हसली, चर्चमध्ये हसू फुटावं तशी, तोंड दाबून.
"वेड्या, मागचा सगळा डोंगरच पाटीच्या दगडाचा आहे.
राहते किती वेळ?"

गिळून मी गप्प बसलो. तिचं बोट सेकंद मोजू लागलं.
लॉकमधलं पाणी उतरतं, कोळशाचं जहाज खाली जातं,
दरवाजे उघडतात, ते वळणाआडही होतं,
भिंती मात्र गळत राहतात.
तसं, म्हटलं. अजून गळतेय.
बोट बावीसवर थांबलं.

तिनं वही काढली. एकोणनव्वद, त्यापुढे
ट्यूब, बी, थुंकी.
आणि खाली माझं नाव, आडनावासकट,
साक्षीदाराचं लिहितात तसं.
मग आपला ग्लास उचलला, गोल फिरवला, नाकाशी नेला,
क्षणभर तिथेच धरला
आणि पाण्यासारखा पिऊन टाकला.

ग्लास घेऊन मी सिंककडे निघालो.
"साबण लावू नकोस," ती मागून म्हणाली,
"वास राहतो."