सहीनंतर

सरपंचांची सही करंगळीएवढी असते.
निळी. लॅपटॉपच्या कडेला खुपसली
की पोटातला दिवा लुकलुकतो.
दोन वर्षं ती बिराप्पांच्या खिशात होती,
तंबाखूच्या पुडीला चिकटून.
उघडून बघितलं तर नाव दिसतं: अक्काताई बिराप्पा हाके.
ते म्हणायचे, मधलं नाव माझंच हाय की,
मग खिसा कुणाचा असणार?

मी ऑपरेटर, रियाज मुलाणी.
मानधन तीन महिने मागं.
अर्ज उघडायचा, निळसर चौकटी भरायच्या,
आणि पिन कोण दाबतंय तिकडं पाहायचं नाही,
एवढं काम.

बाई यायच्या झेंड्याला, ग्रामसभेला.
खुर्चीच्या अगदी कडेवर बसायच्या,
एसटीत दुसऱ्याच्या रुमालावर बसल्यासारख्या.

एप्रिलात बिराप्पा सांगलीला, सिव्हिलमध्ये, मुतखड्यापायी.
आणि टँकरचा अर्ज त्याच दिवशी जतला जायचा होता.
फोनवरून त्यांनी पिन सांगितला,
बाईंनी एकेक आकडा दाबला
खडा निवडावा तसा.
'टँकरच्या खेपा' या चौकटीत मी विचारलं, किती?
अकरा, म्हणाल्या.
टाकीपाशी मीच हुते उभी, अकराच.
सही बसली. हिरवी खूण आली.
त्या खुणेकडं त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

सहीनंतर चौकटींना कुलूप लावायचं असतं.
ते मी विसरलो.
विसरलो, असं मी म्हणतो.

चौथ्या दिवशी अर्ज टँकरवाल्याकडून फिरून आला,
कंबरेला पट्टा बांधलेले बिराप्पा त्याच्यामागं.
खेपा: सतरा.
आणि सहीवर पिवळा त्रिकोण,
खाली बारीक अक्षरात,
सही झाल्यानंतर या दस्तऐवजात बदल झाला आहे.

ह्येला काय हुतंय, परत मार सही, म्हणाले,
आणि खिसा चाचपला.
पुडी होती.

बाई दुपारी आल्या. चंचीतून निळी डबी काढली,
सुपारीचा भुगा झटकला.
ह्यो पिवळा कशाला?
सांगितलं. तुम्ही सही केल्यावर कुणीतरी आकडा बदलला.
कुणी, ते सांगतंय का?
नाही. बदलला एवढंच.
एवढं कळतंय ह्येला, त्या म्हणाल्या,
आणि कितीतरी वेळ काही म्हणाल्या नाहीत.

'सही केलेली प्रत पाहा' असं एक बटण असतं.
दाबलं. सतरा गेला, अकरा वर आला.
म्हंजे आत हुताच?
होता. वर दुसरा बसला होता फक्त.
ह्योच धाड जतला.
धाडला. हात थरथरत होता माझा, उगाच कशाला खोटं बोला.

मग म्हणाल्या, पिन बदलता येतो म्हणं.
मी पडदा त्यांच्याकडं वळवला,
खिडकीतून बाहेर बघत बसलो.
जुन्या टायरवर एक शेळी उभी होती,
ती उतरेपर्यंत.

डबी चोरायची गरज पडली नाही.
तिसऱ्या दिवशी बाईंनीच ती टेबलावर ठेवली,
बिराप्पांसमोर, आणि उठून गेल्या.
त्यांनी लग्नाची तारीख घातली.
चुकीचा पिन. नऊ संधी शिल्लक.
थोरल्याचं जन्मसाल, चार चार आकडी.
मतदानाचा दिवस.
किती मतांनी बाई निवडून आल्या ते, पुढं शून्य लावून.
सहा संधी शिल्लक.

घामेजून माझ्याकडं बघितलं.
तुला ठावं असंल.
आईशप्पथ नाही, म्हटलं, आणि ते खरं होतं.
तिला आणि कुठला आकडा म्हाईत असणार रं?
तीस वर्सं झाली,
मला ठावं नाही असा कुठला असणार?

बाहेर टँकर लागला.
पाइप टाकीत पडल्याचा आवाज आला,
आणि मागोमाग बाईंचा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा:
तीन.