खाजगी कारण

आमच्या खात्यातल्या मराठी टाइपरायटरचा काना
दहात तीनदा उठायचा नाही.
दुरुस्तीसाठी वर लिहिलं होतं,
उत्तर आलं: नवीन खर्चास मनाई, निर्गुंतवणूक विचाराधीन.
तो शब्द पहिल्यांदा टाइप करताना
मी तीनदा चुकले.

भोसरीला, वीजमीटरच्या सरकारी कारखान्यात
एकोणीस वर्षं लोकांच्या रजा मोजल्या.
खोटं कशाला सांगू, रात्रपाळीत पत्ते चालायचे,
आणि आमचं मीटर बाजारात येईपर्यंत
दुसऱ्याचं, निम्म्या किमतीचं, भिंतीवर लागलेलं असायचं.
पण आमच्या ऑर्डरी बंद केल्या ते वीजमंडळही
सरकारचंच होतं ना?
असं विचारलं की नेनेसाहेब चष्मा पुसायचे.

गेटवर सभा झाल्या.
एका रंगाचा झेंडा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.
विरोधात असेपर्यंत जो तो आमच्या बाजूने बोलला.
फाईल मात्र एकाच दिशेने सरकत राहिली.
युनियनचे डिंगरे उपोषणाला बसले,
चौथ्या दिवशी मोसंबीचा रस प्याले,
आणि पाचव्या दिवशी अर्ज वाटायला तेच पुढे.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. दोन पानी.
तेरावा रकाना: निवृत्तीचे कारण.

गजाबा गव्हाणेने लिहिलं,
इथं माझ्या बापाची ज्वारी होती. सरकारी कामासाठी घेतली.
काम संपलं असेल तर रान परत द्या, मग जातो.
शमीम तांबोळीने लिहिलं, साहेब म्हणाले.
कॅन्टीनच्या पारूबाईने अंगठा उठवला,
तो चुकून ह्याच रकान्यात.
सातपुते फोरमनने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं,
सुबक, ड्रॉइंगच्या पेन्सिलीने.

नेनेसाहेबांनी गठ्ठाच्या गठ्ठा परत केला.
स्वेच्छेला एवढी कारणं नसतात, म्हणाले.
सगळ्यांपुढे एकच टाका: खाजगी कारण.
दिल्लीला तेवढंच चालतं.

टाकलं. चारशे बारा नावं, आणि प्रत्येकापुढे
खाजगी कारण, खाजगी कारण, खाजगी कारण,
जसं काही चारशे बारा घरांत
एकाच आठवड्यात असं काही घडलं होतं
जे चारचौघांत सांगता येत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी पेन घेऊन सुटलेले काने भरायला बसले.
तांबोळीच्या 'ता'ला दिला, पारूबाईच्या 'पा'ला,
गव्हाणेचा तर दोन ठिकाणी गेला होता.
माणसांची नावं, ती तरी पुरी असावीत.
शेवटच्या रकान्यापाशी आले
तर कितीतरी ओळींत 'कारण'चा काना पडलेला.
वाचून पाहिलं.
पुन्हा वाचलं, ह्या वेळी मोठ्याने.
मग पेनाला टोपण लावलं.

माझं नाव चारशे बारावं.
तिथे नेमका काना नीट उठला होता.
तो मी ब्लेडने खरवडून काढला,
कागद तेवढ्यापुरता पातळ झाला.

नेनेसाहेबांनी पानं उलटत सह्या केल्या.
महिन्याभरात यादी दिल्लीहून मंजूर होऊन आली,
गोल शिक्का, हिरवी शाई.
चूक कुणालाच सापडली नाही.