माप

वडगावात, मागांच्या खटखटीत माझं शिवणाचं दुकान.
छाती बेचाळीस, कंबर तीस, तालमीतला भुजंग
आरशासमोरनं हलतच नव्हता.
मीही बघितलं, खोटं कशाला बोलू.
टेप त्याच्या पाठीवर जरा जास्तच रेंगाळली.

मग आला बसगौडा, सदलग्याचा.
पोट पुढं, डावा खांदा उतरलेला.
"खांदा हाय तसाच सोडा की वो," म्हणाला,
"अप्पाला धरून चालवतोय रोज, तिकडंच वाकलाय."
आणि आतनं एक खिसा, अप्पाच्या चष्म्याला.

वहीत आकडे लिहिले.
खांद्यापाशी पेन थांबलं.

भुजंगचा शर्ट दुसऱ्या दिवशी गेला.
ह्याचा अजून मशीनवरच आहे.
माप परत घ्यावं लागतंय,
असा निरोप धाडलाय सदलग्याला.