वहिवाट

दिवसा मी वेंगुर्ल्याच्या कोर्टाबाहेर अर्ज टंकतो.
निम्मे अर्ज वाटेचे :
कलमांच्या बागेतून विहिरीकडे जाणारी पायवाट,
तीस वर्षं उघडी,
आणि एका सकाळी कुणीतरी
चिऱ्यांचा गडगा घातलेला.

शनिवारी रात्री बंदरावर,
बर्फाच्या कारखान्यात, वजनकाट्यामागच्या खोलीत
मी खेळ चालवतो.
हर्षद गिरप दिवसभर लाद्या फोडतो, इथे आंधळा तलवारबाज.
मुबीना मासळीचे क्रेट मोजते, इथे चेटकीण.
रोशेल नकाशे काढते.
राक्षस म्हणजे काजूच्या बिया.
वीस बाजूंचा फासा एकच. त्याचा सतरा झिजलाय,
ओळखीनं वाचतो.

नियम परदेशी कंपनीचे.
मी शाळेत होतो तेव्हा तीच म्हणाली होती :
घ्या, तुमच्या गोष्टी रचा, छापा, विका.
परवाना कायमचा.
आम्ही रचली. कुडाळात छापली, दोनशे प्रती.
वेशीवरचा राखणदार तिच्यात आला :
चिलखत अठरा, जीव नव्वद,
आणि विडी ठेवली नाही
तर चालणाऱ्याला चकवा लावायची ताकद.

होड्या पाण्यात उतरायच्या आठवड्यात पत्र आलं.
जुना परवाना रद्द. नव्यावर सही करा,
विक्री कळवा, वाटा द्या,
तुमचं जे असेल ते आम्हीही वापरू.

मी रात्रभर जुना कागद वाचला, धंद्याच्या सवयीनं.
'कायमचा' होतं.
'मागे न घेता येणारा' नव्हतं.
असल्या फटीतून
अख्खी गुरं गेलेली मी पाहिलीयत.

"वाट काय तेंच्या बापाशीची?" हर्षद म्हणाला.
"चलान चलान झाली ती."
हेच वाक्य मी बावीस वर्षं टंकतोय,
शुद्ध मराठीत, स्टँपपेपरवर.

आरडाओरड बरीच झाली असावी, जगभर.
महिन्यानं कंपनी म्हणाली, बरं, जुनंच राहू दे.
गडगा उतरवला.
चिरे मात्र वाटेच्या कडेलाच
रचून ठेवले. मोजून.

मग कळलं,
सावंतवाडीच्या पोरांनी आमची पुस्तिका झेरॉक्स केलीय,
नाव बदलून, राखणदाराला मिशा काढून.
रोशेल लालबुंद. "नोटीस पाठव. चित्र माझं आहे."
मी यंत्रात कागद सरकवला,
'सदर राखणदार' एवढं टंकलं
आणि मालकाच्या रकान्याशी अडलो.
"त्याला विचारलं होतंस?" मुबीनानं मला विचारलं.
रोशेल काही बोलली नाही.
विडी ठेवायला तीही जाते, घाटीत, घरी न सांगता.

कागद अजून यंत्रातच आहे.
नियम आता आम्हीच लिहितोय, दोनशे पानी वहीत,
सत्तेचाळीस पानं झालीत.
आंधळा तलवारबाज तीन शनिवार
गुहेच्या तोंडाशी ताटकळतोय.

आज हर्षदनं फासा टाकला.
त्याच वेळी मागे लादी सुटली, टेबल हादरलं,
फासा वजनकाट्याखाली गेला.
वाकून पाहिलं तर तिरका,
दोन आकड्यांच्या मधे टेकलेला.
वाद सुरू झाला.
वहीत त्यासाठी नियम नव्हता.